फळ्यावरचं पहिलं नाव

“तुम्हीच का त्या फळ्यावाल्या?”

दार अर्धंच उघडून तोडकरकाकांनी विचारलं. मी ‘हो’ म्हणायच्या आत माझ्या खांद्यावरच्या ‘फळा’ छापलेल्या पिशवीकडे बघून म्हणाले, “मला काढून टाकलंत नव्हं? सकाळपासून बघतोय. नाव वर येईना.”

घरून निघाले होते ती त्यांना काढतोय हे तोंडावर सांगायलाच. कोल्हापूरहून एसटीचे धक्के खात, उन्हातान्हात पिंपळसरसारख्या आडगावी उतरून, पत्ता विचारून विचारून घसा कोरडा पडला होता. पण दारातच कुणी असं तोंडावर विचारलं की माणूस ‘छे छे’च म्हणतो.

“छे छे, काका! सहज भेटायला आले. मी वृषाली.”

“सहज कोण येतंय पिंपळसरला?” असं म्हणत त्यांनी दार पूर्ण उघडलं. “या. चहा टाकतो. तुम्ही तेवढं बघा काय झालंय ते.” आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. पडद्यावर आमचा फळा उघडलेला होता.

ही गोष्ट ब्लॉगच्या दिवसांतली. आता ब्लॉग म्हटलं की पोरं आपल्याकडे कीव केल्यासारखं बघतात, पण तेव्हा ज्याला त्याला लिहायचा ताप चढला होता. मी आणि फिरोज मुल्ला, कॉलेजपासूनचे दोस्त, नोकऱ्या सांभाळून ‘फळा’ नावाची वेबसाइट चालवायचो. मराठी ब्लॉगांची यादी. प्रत्येक ब्लॉगला एक फीड असतं, म्हणजे त्यावर काही नवं लिहिलं गेलं की तिथे आपोआप नोंद पडते. आमचा प्रोग्राम दिवसभर सगळी फीड चाळत फिरायचा. नवं दिसलं की ते नाव फळ्यावर सगळ्यात वर चढवायचा आणि लेखाची एक प्रत कायमची साठवून ठेवायचा. कुणी ब्लॉग बंद केला, रागारागाने पुसून टाकला, तरी आमच्याकडे प्रत राहायची. हाताने काही करायचं नाही, सगळं आपोआप व्हायला पाहिजे, ही फिरोजची जिद्द. आणि त्या जिद्दीतच एक खोट राहून गेली होती. जुन्या लेखात कुणी एक शब्द जरी बदलला, तरी आमच्या प्रोग्रामला तो नवाच लेख वाटायचा.

ही खोट अख्ख्या महाराष्ट्रात एकाच माणसाला सापडली, दिनकर तोडकर यांना. एसटीतून निवृत्त झालेले, पिंपळसरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या लोकांच्या भाषेत कंट्रोलर. गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कधी सोडायची, हे ज्याच्या शिटीवर चालतं तो माणूस. त्यांच्या ब्लॉगचं नाव ‘फलाटावरून’. त्यावर मोजके लेख, पण फळा कधीही सकाळी उघडा, पहिलं नाव ‘फलाटावरून’! लेख तोच, ‘माझी कंट्रोलची केबिन’.

लोक चिडले. चिडणारच हो. नाशिकच्या एक बाई होत्या, रात्र रात्र जागून कविता लिहायच्या आणि सकाळी बघतात तर वर तोडकर. त्यांनी मला विचारलं, “हे तुमचे नात्यातले का?” मग आठ-दहा जणांनी मिळून मेल पाठवली की एक तर हा गृहस्थ राहील नाही तर आम्ही. आमचा फळा म्हणजे ती माणसंच होती. ती गेली असती तर आम्ही काय भिंतीवर फळा टांगणार होतो?

मी साठवलेल्या प्रती काढून बघितल्या आणि माझं टाळकंच सरकलं. सगळ्या प्रती सारख्या, फरक फक्त एका वाक्याचा. ‘त्या दिवशीची पुण्याची गाडी थोडी उशिरा सुटली.’ आज हे वाक्य घातलेलं, उद्या काढलेलं, परवा पुन्हा घातलेलं. म्हटलं, म्हातारा आपली चेष्टा करतोय! रविवार बघून मी तडक पिशवी उचलली. वाटेत गाडीतच फिरोजचा फोन आला. “अगं, काढायची गरज नाही. मी दुरुस्ती टाकली सकाळीच. आता जुना लेख बदलला तरी नाव वर चढणार नाही. उतर तिथेच आणि परत ये.” पण मला ते वाक्य डाचत होतं. आलेच आहे तर विचारून तरी जाऊ, म्हणून मी पुढे गेले.

तर अशी मी त्यांचा चहा घेत बसले होते. चहा फक्कड होता. काका मात्र आपला कप तसाच ठेवून पडद्याकडे बघत होते, दर मिनिटाला माउस दाबत होते. पाय सुजलेला होता, खाली एक उशी घेऊन त्यावर ठेवलेला.

“काका, ते आता वर येणार नाही,” मी सांगून टाकलं. “आम्ही दुरुस्ती केलीय. नवं काही लिहिलंत तरच नाव वर येईल. तुम्हाला काढलेलं नाही, बरं का. यादीत आहात तुम्ही. खाली आहात एवढंच.”

“खाली किती?”

“असाल पंधरा-वीस नावांच्या खाली.”

“एवढ्या खाली कोण बघतंय?” त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. “म्हणजे रोज नवं लिहायला पाहिजे?”

“हो.”

“पोरी, मी एकटा माणूस. सकाळी उठतो, भाकरी करतो, पेपर वाचतो, झोपतो. रोज नवं काय आणू मी?” मग एकदम खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, “तुमची ती दुरुस्ती मागे घ्या. काय दंड-बिंड असेल तर सांगा. पण सकाळी तेवढं नाव वर येऊ दे. दुपारी खाली ढकला, माझी तक्रार नाही.”

माणूस हात जोडायचाच बाकी राहिला होता. मला राग यायच्या ऐवजी कसंसंच झालं. “पण का काका? एवढं काय आहे त्या पहिल्या नंबरात? कोण बघतंय?”

“वैजू बघते,” ते म्हणाले.

वैजू म्हणजे वैजयंता, त्यांची एकुलती एक मुलगी. बडोद्याला असते. आई लहानपणीच गेली, त्यामुळे शाळा सुटली की पोर स्टँडवर यायची, काकांच्या केबिनमध्ये बसून अभ्यास करायची. गाड्यांची घोषणा तिला तोंडपाठ होती. मोठी झाली आणि तिने आपलं लग्न आपण ठरवलं.

“मुलगा आपल्यातला नव्हता,” काका म्हणाले. “चांगला होता. आता म्हणतो चांगला होता. तेव्हा मी म्हटलं, गेलीस तर या घरात परत पाऊल टाकायचं नाही. ती कुणाची? माझीच. पिशवी भरली आणि निघाली. आणि गेली कुठून? माझ्याच स्टँडवरून, माझ्याच ड्यूटीत! पुण्याच्या गाडीत खिडकीशी जाऊन बसली. मी गाडी वेळेवर सोडली आणि संपला विषय.”

“तेव्हापासून बोलणं नाही?”

“नाही.”

“मग ती फळा बघते हे तुम्हाला कसं कळलं?”

“स्टँडसमोर स्टेशनरीचं दुकान आहे ना, ती शकुंतला वैजूच्या वर्गातली. दोघींचे फोन चालतात. शकूच सांगत होती. वैजू सकाळी उठली की आधी फळा बघते म्हणे. माझं नाव वर दिसलं की म्हणते, ‘चला, म्हातारा उठला.’ आणि मग नवऱ्याच्या डब्याला लागते.” ‘म्हातारा’ म्हणताना काका जरासे हसले. “आता मला सांग, आज तिला काय वाटलं असेल?”

आम्ही यादी करत होतो नव्या लेखांची, आणि इथे हा माणूस रोज सकाळी त्या यादीत आपल्या श्वासाची हजेरी लावत होता.

“मग सरळ फोन का नाही करत तुम्ही तिला?”

“मी?”

“नाही तर काय मी?”

“गेली ती. फोन तिने करायचा.”

“आणि ती म्हणत असेल, बोलले ते. फोन त्यांनी करायचा.”

“म्हणत असेल,” काका शांतपणे म्हणाले. “माझीच मुलगी आहे.”

मी पिशवीतून फोन काढला. फिरोजला सांगणार होते की बाबा रे, जाऊ दे ती दुरुस्ती खड्ड्यात, जुनं होतं तसं कर. नाशिकच्या बाईंचं मी बघते. नंबर लावणार तेवढ्यात फोन माझ्याच हातात वाजला. अनोळखी नंबर. फळ्यावर संपर्कासाठी माझाच नंबर दिलेला असल्यामुळे असे फोन रोजचेच होते.

“हॅलो, फळा का? मी बडोद्याहून बोलतेय.”

“बडोद्याहून?” माझ्या तोंडून मोठ्याने निघालं. काकांनी झटकन मान वर केली.

“हो. तुमच्या साइटवर काही बिघाड आहे का आज? ‘फलाटावरून’ म्हणून एक ब्लॉग आहे, तो रोज सकाळी पहिला असतो. आज खाली गेलाय. बाकीचे सगळे जागच्या जागी आहेत.” आवाज ताठ ठेवायचा प्रयत्न चालला होता, पण जमत नव्हतं. “मला फक्त एवढंच सांगा, बिघाड तुमच्याकडे आहे का? की लिहिणाऱ्यांनीच आज काही केलं नाही?”

मी काकांकडे बघितलं; फोनमधला आवाज त्यांनाही ऐकू गेला होता. त्यांनी दोन्ही हात हलवून खूण केली, आणि पुढे वाकून कुजबुजले, “बिघाड आहे म्हणावं. उद्या दिसेल म्हणावं.”

सांगितलं असतं तर सगळं पहिल्यासारखं चालू राहिलं असतं. रोज सकाळी नाव वर, तिकडे डब्याची तयारी, आणि दोघेही आपापल्या जागी ताठ. पण मला असलं सोवळं जमत नाही. मी फोन स्पीकरवर टाकला आणि चहाच्या कपांच्या मध्ये ठेवून दिला.

“बिघाड काही नाही,” मी म्हटलं. “आम्हीच एक बदल केला, म्हणून नाव खाली गेलं. लिहिणारे माझ्यासमोर बसलेत, ठणठणीत आहेत. तुम्ही वैजयंता ना?”

मला वाटलं, ठेवला तिने फोन. काका माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांचं घर पेटवलंय.

मग आवाज आला. “जेवले का ते?”

“अजून नाही.”

“पायाची सूज कशी आहे?”

काका मला म्हणाले, “उतरली म्हणून सांगा.”

“उतरली म्हणतात.”

“खोटं बोलतात. शकू सांगत होती, पायात चप्पल जात नाही.”

“शकूला म्हणावं, दुकान सांभाळ आपलं!” काका मलाच म्हणाले, पण आवाज चढवून.

“रात्रीची गोळी घेतात का विचारा.”

“घेतो म्हणावं. लहान नाही मी.”

दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, तरी प्रत्येक वाक्य माझ्यातूनच जायला हवं होतं. मी आपली टेबलापाशी बसून इकडचं तिकडे पोचवत होते. आमच्या प्रोग्रामचं काम त्या दिवशी मी करत होते.

मग ती म्हणाली, “आणि त्यांना विचारा, ते वाक्य रोज घालतात आणि काढतात कशाला? पुण्याच्या गाडीचं. काय ते एकदा ठरवा म्हणावं.”

काकांचा चेहरा बदलला. ती पुढे म्हणाली, “ज्या दिवशी ते वाक्य असतं, त्या दिवशीही खाली लिहिलेलं असतंच की अख्ख्या नोकरीत मी एकही गाडी उशिरा सोडली नाही. दोन्ही खरं कसं असेल?”

“कागदावर ती गाडी वेळेवरच सुटलेली आहे!” काका एकदम फोनवर ओरडले. “जाऊन रजिस्टर बघ म्हणावं!”

“कागदावर सुटली असेल. मी गाडीत बसले होते!”

“मी कंट्रोलवर होतो का तू होतीस?”

“तुम्ही कंट्रोलवर होतात, आबा, म्हणून तर म्हणतेय!”

‘आबा’ हा शब्द आला आणि दोघेही थांबले. मी त्या बोलण्यातून कधी गळून पडले होते ते त्यांना कळलंही नव्हतं.

वैजू आता हळू बोलायला लागली. “ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून थकला. माणसं कावली. कंडक्टर खाली उतरून तुमच्या केबिनपाशी आला, तर तुम्ही हात वर करून त्याला थोपवलंत. मला सगळं दिसत होतं खिडकीतून. मला वाटलं, आता याल. आता याल. पिशवी मांडीवर घेऊन बसले होते मी, सीटवर ठेवलीसुद्धा नव्हती. आणि मग तुम्ही शिटी दिलीत.”

काकांनी सुजलेला पाय उशीवरून खाली घेतला.

“का नाही आलात? रागावायला तरी यायचं. मी इतकी वर्षं हेच धरून बसलेय की माझ्या बापाला दहा पावलं चालत यावंसं वाटलं नाही.”

काका बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता, स्टँडवर कुणाला तरी गाडीची चौकशी सांगावी तसा.

“खिडकीशी आलो असतो तर हाताला धरून खाली घेतलं असतं तुला. आणि तू उतरली असतीस. माझं ऐकलं असतंस, मला ठाऊक होतं. जन्मभर घरात बसली असतीस तोंड पाडून. म्हणून केबिनच्या जाळीला धरून उभा राहिलो.”

“मग गाडी का थांबवून ठेवलीत?”

“सोडवेना,” काका म्हणाले.

पलीकडे वैजू रडायला लागली. काका फोनच्या जवळ सरकले, आणि फोनला हात न लावता दोन्ही तळवे त्याच्या दोन बाजूंना टेबलावर ठेवून बसले. मी कप उचलले आणि मोरीत जाऊन ते धूत बसले. दोन कप किती वेळ धुणार? मग दिसेल ते धूत सुटले, तवा, पातेली, परात. माझेच डोळे इतके वाहत होते की त्या परातीवर राख लावलीय की साबण ते मला कळत नव्हतं. बाहेरून मधूनच काकांचं ‘हां, हां’ ऐकू यायचं, एकदा तर चक्क हसणं ऐकू आलं.

शेवटी बॅटरी संपून फोन बंद पडला तेव्हा काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“घरचा नंबर मागून घेतला तिने,” म्हणाले. त्यांच्याकडे तो जुना, वायरचा फोन होता. “आणि हे काय, सगळी भांडी घासलीस?”

“काका, मी फिरोजला सांगून ते जुनं परत चालू करायला लावते. निदान थोडे दिवस.”

“नको, नको. नियम तो नियम. बाकीची माणसंही लिहितातच की.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुमच्याकडे माझ्या लेखाच्या सगळ्या प्रती साठवलेल्या असतात ना?”

“सगळ्या आहेत.”

“मग ज्यात ते वाक्य आहे, ती ठेवा. आणि खालचं ते, एकही गाडी उशिरा सोडली नाही वगैरे, ते मी आज काढतो. उगाच फुशारकी ती.”

त्या दिवशी जेवून जायचा आग्रह झाला. पिठलं-भाकरी केली होती त्यांनी, आणि परतीच्या गाडीला बसवायला लंगडत स्टँडपर्यंत आले. नवा कंट्रोलर त्यांना बघून उठून उभा राहिला. काकांनी त्याला खुणेनेच ‘बस’ म्हटलं आणि माझी गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

पुढे फळ्यावर नाशिकच्या बाईंच्या कविता वर चढल्या, भांडणारे सगळे खूश झाले आणि मला काही बरं वाटेना. सकाळी फळा उघडायचा आणि पहिलं नाव बघून उगीच चुकल्यासारखं व्हायचं. ‘फलाटावरून’ रोज खाली खाली सरकत दुसऱ्या पानावर गेलं. त्या आठवड्याच्या शेवटी फिरोज म्हणाला, “काका बरे आहेत ना गं? काहीच लिहिलं नाही त्यांनी.”

“मला काय विचारतोस? दुरुस्ती तू केलीस,” मी खेकसले. पण धाकधूक मलाही होतीच. काकांच्या घरचा नंबर लावला. एंगेज. जरा वेळाने पुन्हा लावला. एंगेज. चहा होईपर्यंत थांबले, पुन्हा लावला, तरी एंगेजच.

“काय झालं?” फिरोजने विचारलं. “लागत नाही का?”

मी फोन खाली ठेवला आणि चहाचा कप उचलला.

“चला,” मी म्हटलं, “म्हातारा उठला.”